आबांची बंदूक

वाचकहो, घरातले वयस्कर माणूस विसरभोळे होऊ लागले की कोणकोणत्या वस्तू त्याच्या हातापासून दूर ठेवाव्यात, हे मी गेली अठ्ठावीस वर्षे माझ्या दवाखान्यात येणाऱ्या कुटुंबीयांना सांगत आले आहे. गॅसचे बटण, स्कूटरची किल्ली, औषधांच्या पट्ट्या, बँकेची कागदपत्रे, फवारणीच्या औषधांचे डबे. ही यादी मला तोंडपाठ होती. त्या यादीत बंदूक कधीच नव्हती. आणि माझ्या स्वतःच्या माहेरी, सिंधुदुर्गातल्या आमच्या घरी, माजघरातल्या शिसवी कपाटात बारा बोअरची एकनळी बंदूक पन्नास वर्षांपासून उभी होती. ती माझ्या वडिलांची, आबांची.

'आमच्या घरात बंदूक नाही' असे म्हणून आपण पान उलटू नये, अशी विनंती आहे. आपल्या घरात नसेल, पण शेजारी, सोयऱ्यांकडे, सुरक्षारक्षकाची नोकरी करून निवृत्त झालेल्या एखाद्या काकांकडे असू शकेल. कोकणात आणि घाटमाथ्यावरच्या गावांत शेतीसंरक्षणाच्या परवान्याच्या बंदुका अनेक घरांत आहेत. पूर्वीच्या कित्येक ठासणीच्या, काही काडतुसांच्या. सातारा-कोल्हापूरकडे फौजेतून परतलेल्या माणसांकडेही परवान्याची शस्त्रे असतात. ज्यांनी तरुणपणी परवाने घेतले, ते आज सत्तरी-ऐंशी ओलांडत आहेत. बंदूक म्हातारी होत नाही, माणूस होतो.

आबांच्या हातातली बंदूक मी जन्मापासून पाहिली आहे. भात पोटरीला आले की रात्री रानडुकरे येत आणि एका रात्रीत अर्धा मळा लोळवून जात. आबा मांगरात बसून हवेत बार काढीत. डुकरे पळत, दुसऱ्या दिवशी पुन्हा येत. बंदुकीच्या बाबतीत आबांचा कडकपणा आम्हा भावंडांना परीक्षेपेक्षा भारी वाटे. घरात पाऊल टाकण्यापूर्वी काडतूस बाहेर, नळी मोडलेली, काडतुसे वेगळ्या पेटीत, किल्ली जानव्याला. 'रिकामी बंदूक अशी वस्तूच नसते, आपण तिला रिकामी समजतो एवढेच,' असे ते म्हणत. (आबा आमच्याशी मालवणीत बोलतात, येथे त्यांचे बोलणे मी पुस्तकी मराठीत लिहिते आहे.) खंडेनवमीला कोयता, कुदळ, नांगराचा फाळ आणि बंदूक एका पाटावर मांडली जाई. मी डॉक्टर झाल्यावर माझा स्टेथोस्कोपही त्या पाटावर गेला. असा माणूस बंदुकीशी कधी चुकेल, ही कल्पना माझ्या मनाला शिवली नाही, आणि माझी चूक नेमकी तेथेच झाली.

२०२४ च्या सप्टेंबरात, गौरी-गणपती आटोपल्यावर, आबा तपासण्यांसाठी माझ्याकडे कोल्हापूरला आले. वय एक्याऐंशी. आई जाऊन दोन वर्षे झाली होती. दादा फोनवर म्हणाला होता, 'आबा तेच तेच विचारतात.' मी मनात म्हटले, ऐकू कमी येते म्हणून विचारत असतील. ऐकू कमी येत होते हेही खरेच होते. तपासणीत डावा कान उजव्यापेक्षा बराच अधू निघाला. उजव्या खांद्याला दस्ता लावून नेम धरणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाला अधिक जवळ असतो. उजवा डोक्याच्या आडोशाला राहतो. पन्नास वर्षे कानात बोळाही न घालता काढलेले बार त्या आलेखावर स्पष्ट उमटले होते. बारा बोअरच्या एका बाराचा आवाज क्षणमात्र १४० डेसिबलच्या वर जातो. आपले साधे बोलणे साठाच्या आसपास असते. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, यंत्राने फक्त भागवता येते.

माझी भाची, दादाची मुलगी, कोल्हापुरात शिकते आणि नेमबाजी करते. त्या ऑगस्टमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले होते आणि आमच्या जिल्ह्यात प्रत्येक घरातल्या मुलाला रायफल हवी झाली होती. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांच्या गावात हे वेड नवे नाही म्हणा. भाची मात्र शॉटगन चालवते, ट्रॅप नावाच्या प्रकारात. रविवारी ती म्हणाली, 'आजोबा, चला, माझी बंदूक पाहा.' आबांचे डोळे कितीतरी दिवसांनी चमकले. मीही निघाले. खरे सांगायचे तर मला त्या आवाजाची धास्ती होती. पण आबांचा तो चेहरा पाहून नाही म्हणवेना.

शहराबाहेर, टेकडीच्या पोटाशी, ते उघडे मैदान होते. पाऊस नुकता सरला होता आणि गवत कमरेएवढे वाढले होते. मी अशा ठिकाणी पहिल्यांदाच गेले होते. डोक्यात सिनेमातली बंदूकबाजी असल्यामुळे तेथली शांतता मला चकित करून गेली. जमिनीत खोदलेल्या खंदकातून यंत्र एक तबकडी फेकते. ११० मिलिमीटर व्यासाची, दिसायला मातीची. ती कुठल्या दिशेला जाईल हे नेमबाजाला ठाऊक नसते. नेमबाज हाक देतो, तबकडी उडते, आणि ती पुढे निसटण्यापूर्वी छर्‍यांनी तिचा भुगा व्हावा लागतो. एका फेरीत अशा पंचवीस तबकड्या. भाचीने पंचवीसपैकी सतरा फोडल्या आणि तोंड पाडून परत आली.

पण मी पाहत होते ते दुसरेच. एकाही माणसाच्या हातात मिटलेली बंदूक नव्हती. मैदानावर चालताना प्रत्येकाची बंदूक मधोमध मोडलेली, नळीचे तोंड जमिनीकडे. दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे दहा पावलांवरून दिसावे अशी. काडतूस घालायचे ते आपल्या जागेवर उभे राहून, तोंड मैदानाकडे करून, आणि आपली पाळी आल्यावरच. कुणी खंदकाकडे चालले की सगळ्यांच्या बंदुका उघड्या. बोट चापाच्या बाहेर. डोळ्यांना चष्मा, कानांत बोळे आणि वर मोठी कर्णकवचे. निघताना प्रत्येकाने साबणाने हात धुतले, कारण छर्‍यांतले शिसे हातांना लागते आणि त्याच हाताने वडापाव खाल्ला तर ते पोटात जाते. मी हे सगळे पाहून खूश झाले. हातांच्या बाबतीत आमच्या व्यवसायातल्या काही मंडळींनी येथे येऊन शिकवणी घ्यावी, असा एक विचार मनात येऊन गेला.

(जाता जाता, अशा मैदानावर जाणाऱ्या ज्येष्ठांसाठी दोन शब्द. श्रवणयंत्र म्हणजे कानाचे संरक्षण नव्हे. त्यावर विसंबू नये. पेसमेकर बसवला असेल, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकती झाली असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर दस्त्याचा धक्का खांद्यावर घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. नुसते पाहायला जाणाऱ्यानेही कान झाकावेत.)

मैदानाची व्यवस्था एका निवृत्त सुभेदारांकडे होती. आबांनी परवाना बाळगून पन्नास वर्षे काढली हे कळल्यावर त्यांनी आबांना खुर्ची दिली, चहा दिला. आबांनी नातीची बंदूक हातात घेऊन पाहायची इच्छा दर्शवली. सुभेदारांनी स्वतः दोन्ही नळ्या तपासल्या, आबांना नेमबाजाच्या जागेवर, मैदानाकडे तोंड करून उभे केले आणि मोडलेली बंदूक त्यांच्या हाती दिली.

आबांचे हात पाहण्यासारखे होते. चहाचा कप धरताना थरथरणारे ते हात बंदूक घेताच स्थिर झाले. त्यांनी नळीतून आरपार पाहिले, बिजागरीवर अंगठा फिरवला, झटक्याने बंदूक मिटली, दस्ता खांद्यात रुतवला आणि गाल टेकवला. सुभेदार म्हणाले, 'वा!' मला अभिमान वाटला. मग आबांना नातीला काहीतरी सांगायचे होते. ती त्यांच्या मागे, डावीकडे, माझ्याशेजारी उभी होती. आबा वळले. बंदुकीसकट वळले. दस्ता खांद्यालाच होता आणि बोट चापावर होते. ती दोन काळी भोके माझ्या पोटावरून सरकत भाचीच्या छातीवर येऊन थांबली आणि आबा हसून म्हणाले, 'हलकी आहे गं, आपल्या बंदुकीपेक्षा.'

सुभेदारांनी एका हाताने नळी आकाशाकडे उचलली आणि दुसऱ्याने दस्ता सोडवून घेतला. ते रागावले नाहीत. आबांना आपण काय केले ते कळलेच नव्हते. आणि मला मात्र एका क्षणात सगळे कळले, कारण माझ्या लहानपणी खेळण्यातली लाकडी बंदूक दादाकडे रोखली म्हणून याच माणसाने मला अंगणात उभे करून रडवले होते.

यात जी वैद्यकीय बाब आहे ती मला आपल्याला नीट सांगायची आहे. स्मृतिभ्रंशाच्या आरंभी माणूस सगळे एकदम विसरत नाही. कालचे जेवण, नातवाचे नाव, आपण कुठे उभे आहोत, समोर कोण आहे, आता काय करणे धोक्याचे आहे, हे आधी निसटते. हातांनी वर्षानुवर्षे केलेली कामे मात्र खूप काळ टिकतात. म्हणून आजी पोळ्या गोल लाटते आणि गॅस चालू ठेवून झोपते. म्हणून आजोबा सफाईने काडतूस भरू शकतात, पण संध्याकाळच्या अंधुक उजेडात अंगणात उभा असलेला मुलगा त्यांना चोर वाटू शकतो. काही आजारांत तर नसलेली माणसे आणि जनावरे खरोखरीच दिसतात. घरचे लोक हातांकडे पाहून निर्धास्त होतात. मीही हातांकडेच पाहत होते.

दुसऱ्या दिवशी आबांना मी कोऱ्या कागदावर घड्याळ काढायला सांगितले. बाराही आकडे त्यांनी उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने बसवले आणि काटे काढलेच नाहीत. थायरॉईड, जीवनसत्त्व बी-१२, मेंदूचा एमआरआय, मेंदूविकारतज्ज्ञांचा सल्ला हे सगळे यथाक्रम झाले. निदान अल्झायमरचे, सुरुवातीच्या टप्प्यातले.

त्या रात्री मी गावी वहिनीला फोन केला. बंदुकीचा विषय कसा काढावा कळेना. सासऱ्यांच्या बंदुकीबद्दल सुनेशी बोलायचे म्हणजे घराच्या जुन्या मानाला हात घालण्यासारखे. मी म्हटले, 'वहिनी, कपाटाची किल्ली कुठे असते हल्ली?' पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही. मग ती म्हणाली, 'वन्सं, किल्ली त्यांच्याकडेच आहे. पण काडतुसे नाहीत. अकरा होती. मी चैत्रातच काढून तांदळाच्या कणगीत तळाला पुरून ठेवली आहेत. यांनाही सांगितले नाही.'

चैत्रात एका रात्री आबा उठून बंदूक घेऊन ओटीवर बसले होते. आईला कुणीतरी त्रास देतो आहे, असे म्हणत होते. आईला जाऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते. वहिनीने त्यांना गोडीगुलाबीने आत आणले, बंदूक ठेवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी आबा आंघोळीला गेले असता काडतुसांची पेटी रिकामी केली. सहा महिने ती बाई रोज त्याच कणगीतून तांदूळ काढत होती आणि एक शब्द बोलली नव्हती. 'तुम्हाला सांगितले असते तर तुम्ही म्हणाला असतात, आबा तसे नाहीत,' ती म्हणाली. मी तेच म्हटले असते.

वाचकहो, घरातला आजार सगळ्यांत आधी त्याच माणसाला कळतो ज्याला त्याबद्दल कुणी विचारत नाही. आता मी माझ्या दवाखान्यात मुलांना विचारण्याआधी सुनांना विचारते.

आणखी एक गोष्ट कटू आहे, पण टाळता येत नाही. उतारवयात जोडीदार गेल्यावर येणारे नैराश्य बहुधा अबोल असते. भूक जाते, झोप जाते, माणूस 'आता माझे काय राहिले' असे म्हणतो आणि आपण 'असे बोलू नका' म्हणून विषय संपवतो. जीव नकोसा होण्याची तीव्र लहर पुष्कळदा थोड्या वेळाची असते. त्या वेळात घातक साधन हाताशी नसले तर माणूस वाचतो आणि वाचलेली बहुतेक माणसे पुढे जगतात. बंदूक असो की गोठ्यातले कीटकनाशक, ते कुलपात आणि घरापासून दूर असणे हा उपचाराचाच भाग आहे. 'तुमच्या मनात असे काही येते का?' हे प्रेमाने विचारल्याने तो विचार पेरला जात नाही; उलट ओझे उतरते. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते, मराठीतही.

आता व्यवहाराचे. बंदूक परस्पर उचलून कुठे लपवू नये, गाडीच्या डिकीत घालून दुसऱ्या गावी नेऊ नये. परवाना ज्याचा, बंदूक बाळगण्याचा हक्क त्याचाच. शस्त्र कायदा १९५९ चा, आणि प्रेम हे त्यात कारण म्हणून लिहिलेले नाही. परवानाधारकाला बरोबर घेऊन किंवा आधी पोलीस ठाण्याशी बोलून ती तेथे अथवा अधिकृत शस्त्रविक्रेत्याकडे जमा करता येते. पावती घ्यावी आणि जपून ठेवावी. परवानाधारक वारल्यावरही बंदूक तशीच कपाटात ठेवता येत नाही, हे अनेक घरांना ठाऊक नसते. तेराव्याच्या गडबडीत ती राहून जाते आणि पुढे त्रास होतो. सत्तरी ओलांडलेल्या परवानाधारकाला हयातीतच आपली बंदूक वारसाच्या नावे करण्याची सोय २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. मात्र वारसाला स्वतःचा परवाना मिळावा लागतो. परवान्याच्या अर्जासोबत शारीरिक व मानसिक सुदृढतेचा वैद्यकीय दाखला लागतो. असे दाखले मीही दिले आहेत. रक्तदाब पाहिला, अक्षरांचा तक्ता वाचून घेतला, सही केली. घरी कोण कोण असते, झोप कशी लागते, हे मी विचारले नव्हते. आता विचारते, आणि त्यामुळे दोन गृहस्थ माझ्यावर नाराज आहेत.

आबांच्या बाबतीत आमच्या मदतीला आली ती निवडणूक. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि बंदुका जमा करण्याची सूचना आली. भातकापणीच्या तोंडावर बंदुका जातात म्हणून आमच्याकडचे शेतकरी दर वेळी कुरकुरतात. आबा मात्र प्रत्येक निवडणुकीत पहिल्या दिवशी जाऊन पावती आणणारे. मी मुद्दाम गावी गेले. काही दिवस आधी खंडेनवमीला ती पाटावर मांडलेली होतीच. आबांनी ओटीवर बसून तिला तेल दिले, नळीतून फडके फिरवले, धुतलेले धोतर नेसले आणि दादाच्या गाडीत बंदूक मांडीवर घेऊन बसले. मधल्या काळात वहिनीने कणगी उपसून अकराही काडतुसे दादाच्या हवाली केली होती. तीही जमा झाली. ठाण्यातल्या हवालदारांनी आबांना बसायला खुर्ची दिली. कुणी काही काढून घेतले नाही. त्यांनी स्वतः सोपवले. पुढे ती परत न आणण्याबद्दल मी त्यांच्याशी बोलले तेव्हा मी आजाराचे नाव घेतले नाही, कान आणि खांदा यांचे कारण दिले. ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, 'त्या दिवशी मैदानावर माझे काही चुकले का गं?' मी हो म्हटले. त्यांनी अर्जावर सही केली.

दादाला मात्र बंदूक हवी आहे. डुकरे काही निवडणूक पाहून येत नाहीत, हे त्याचे म्हणणे खोटे नाही. त्याने वारस म्हणून अर्ज करायचे ठरवले आहे. वहिनीने तीन अटी घातल्या आहेत: भिंतीत पक्की केलेली लोखंडी तिजोरी, काडतुसे दुसऱ्या कुलपात आणि आबा या घरात आहेत तोवर बंदूक विक्रेत्याकडेच राहील. तिसऱ्या अटीवर दोघांचे अजून जमलेले नाही. मी वहिनीच्या बाजूने आहे, हे दादाला माहीत आहे.

आबा दर चार-आठ दिवसांनी कपाटापाशी जातात आणि विचारतात, 'बंदूक कुठे आहे?' वहिनी हातातले काम न थांबवता सांगते, 'ठाण्यात आहे, आबा. निवडणूक नाही का?' सुरुवातीला हे ऐकून मी अस्वस्थ झाले होते. त्यांना खरे सांगायला हवे, त्यांनी सही केली आहे, असे मी तिला म्हटलेही. ती म्हणाली, 'वन्सं, सही केलेली त्यांना आठवत नाही. जमा केल्यावर पावती मिळते, हे आठवते.' मग ती देव्हाऱ्याच्या खणातून पावती काढून त्यांच्या हातात देते. आबा चष्मा लावून ती वाचतात, घडी घालतात आणि म्हणतात, 'बरोबर आहे.'